छोट्या फ्रॅग टँकसाठी लाईट कशी निवडायची? वॅट आणि ल्युमेन बाजूला ठेवा, फोटॉन मोजा

बॉक्सवर मोठ्या अक्षरात १६५ वॅट लिहिलेलं होतं. जास्त वॅट म्हणजे जास्त चांगलं, या हिशोबाने मी ती लाईट ६० सेंटीमीटर लांबीच्या टँकवर टांगली आणि दोन्ही चॅनल १०० टक्क्यांवर ठेवले. चौथ्या दिवशी झोआंनी तोंडं मिटून घेतली, आठव्या दिवशी त्यांचा रंग दुधाळ झाला आणि महिना संपेपर्यंत १४ पैकी ९ फ्रॅग गेले. पाणी बरोबर होतं, मिठाचं प्रमाण बरोबर होतं, तापमानही. चूक फक्त लाईटची होती, म्हणजे खरं तर माझी.

तेव्हापासून मी बीड जिल्ह्यातल्या नारायणगडच्या घरी, सरळ रेषेत मोजला तरी समुद्रापासून सुमारे ३०० किलोमीटरवर, हा टँक नीट चालवायला शिकतोय. या लेखात फक्त लाईटबद्दल बोलू: किती हवी, कोणत्या रंगाची, किती उंचीवर, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात व विजेच्या लहरीपणात ती कशी सांभाळायची. एक खुलासा सुरुवातीलाच करतो. गावाकडं "लाईट गेली" म्हणजे वीज गेली. इथे लाईट म्हणजे टँकवरचा दिवा, आणि विजेला मी वीजच म्हणणार आहे.

आधी कायदा, मग लाईट

फ्रॅग म्हणजे मोठ्या कोरलमधून कापलेला छोटा तुकडा. तो प्लगवर चिकटवून वाढवायचा आणि मोठा झाला की पुन्हा कापायचा. गुलाबाची कलमं करण्यासारखंच हे काम आहे. पण कलम कशाचं करायचं याला भारतात मर्यादा आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात २००१ पासून प्रवाळांचा समावेश आहे. रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाईप, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांना वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. ती समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या, तेव्हा महापालिकेलासुद्धा आधी वन विभागाची परवानगी काढावी लागली होती. तिथे तुमच्या-माझ्या बैठकीतल्या टँकला सूट मिळेल, असं समजू नका.

म्हणून हा लेख झोआ, मशरूम आणि लेदर या मऊ प्रकारांपुरता आहे. त्यांची नावं वरच्या यादीत नाहीत. शास्त्राच्या दृष्टीने झोआ आणि मशरूम ही कोरलची चुलत भावंडं, पण छंदाच्या बाजारात सगळ्यांनाच कोरल म्हणतात. तरीही पक्कं बिल घ्या, माल कुठून आला ते विचारा आणि शंका असेल तर वन विभागाकडे खात्री करा. दुकानदाराने कडक सांगाड्याचा तुकडा "हा चालतो हो" म्हणून पुढे केला, तर तो परत द्या.

लाईट म्हणजे इथे जेवण

या प्राण्यांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. शैवाल प्रकाशसंश्लेषण करतं आणि तयार झालेली साखर व इतर पदार्थ यजमानाला देतं. प्रकाशावर जगणाऱ्या अनेक कोरलमध्ये ऊर्जेची ९० टक्क्यांपर्यंत गरज अशीच भागते. त्यामुळे टँकवरची लाईट ही शोभेची वस्तू नाही, तो रोजचा शिधा आहे. कमी दिला तर उपासमार होते आणि जास्त दिला तर त्याहून वाईट होतं. शैवालाला पेलवणार नाही एवढा प्रकाश आला की पेशीत ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि प्राणी ते शैवाल स्वतःच बाहेर टाकतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रात हे मुख्यतः पाणी तापल्यामुळे होतं. २०२४ मध्ये लक्षद्वीपला मोठं ब्लीचिंग झालं ते सागरी उष्णतेच्या लाटेमुळे. पण उष्णता आणि तीव्र प्रकाश एकत्र आले की मार दुप्पट बसतो, आणि आपल्या टँकमध्ये मे महिन्यात नेमकं तेच होऊ शकतं.

जाता जाता शेतीतला एक फरक सांगतो, कारण गावात मला हा प्रश्न नेहमी विचारला जातो. महाराष्ट्रात काही ड्रॅगन फ्रूटच्या बागांमध्ये रात्री बल्ब लावतात. तिथे प्रकाशाचं काम झाडाला "दिवस मोठा आहे" असा निरोप देऊन फुलं काढायला लावणं एवढंच असतं, जेवण उन्हातूनच मिळतं. निरोपाला थोडा प्रकाश पुरतो, जेवणाला भरपूर लागतो. म्हणून बागेतला बल्ब टँकवर चालत नाही.

ल्युमेन का फसवतो

घरातले बल्ब आपण ल्युमेन बघून घेतो, आणि ते बरोबरच आहे. ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतो आणि निळ्याला फारच कमी. शैवालाला मात्र डोळे नाहीत. त्याला किती फोटॉन येऊन आदळले याच्याशी मतलब.

आकड्यात बघू. ५५५ नॅनोमीटरचा १ वॅट प्रकाश म्हणजे ६८३ ल्युमेन. ४५० नॅनोमीटरच्या गडद निळ्याचा १ वॅट प्रकाश म्हणजे जेमतेम २६ ल्युमेन. आता फोटॉन मोजा. पहिल्यात सेकंदाला सुमारे ४.६ मायक्रोमोल फोटॉन निघतात, दुसऱ्यात सुमारे ३.८. ल्युमेनमध्ये २६ पट फरक दिसतो, फोटॉनमध्ये सव्वा पटही नाही. ल्युमेनवर विश्वास ठेवून लाईट घेतली तर कोरलला ज्या रंगाची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच रंगाला आपण जवळपास शून्य गुण देतो. याची उलटी बाजू जास्त धोक्याची. निळी लाईट डोळ्यांना मंद दिसते, म्हणून आपण ती वाढवत जातो आणि खाली प्राणी होरपळत असतो. माझ्या पहिल्या टँकचं नेमकं असंच झालं.

वॅटचा प्रश्न वेगळा. वॅट म्हणजे लाईटने सॉकेटमधून किती वीज घेतली. त्यातून किती फोटॉन निघाले हे चिपच्या दर्जावर ठरतं. शिवाय स्वस्त लाईटवर लिहिलेले वॅट बऱ्याचदा चिपच्या कमाल क्षमतेची बेरीज असतात, प्रत्यक्ष खप त्याहून बराच कमी निघतो. सॉकेटला लावायचं साधं एनर्जी मीटर असेल तर तपासून बघा.

बघायचा आकडा आहे पीपीएफडी. एक चौरस मीटर जागेवर एका सेकंदात ४०० ते ७०० नॅनोमीटरचे किती मायक्रोमोल फोटॉन पडतात, ते हा आकडा सांगतो. छंदवाले यालाच सरसकट "पार" म्हणतात. नारायणगडच्या माळावर एप्रिलच्या भर दुपारी हा आकडा २,००० च्या आसपास जातो. तुमच्या टँकला त्याचा विसावा भागही पुरतो.

किती लागेल? जरा गणित करू

या छंदात रुळलेले ढोबळ आकडे असे आहेत. मशरूमला ३० ते ८०, झोआला ८० ते १५०, लेदरलाही साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त पीपीएफडी लागतो. फांद्यांची कठीण प्रवाळं २०० ते ३५० मागतात, आणि इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले व व्हिडिओ त्यांच्यासाठी असतात. आपल्याकडं ती ठेवायचीच नाहीत, तर त्यांच्यासाठी बनवलेली महागडी लाईट घ्यायचीही गरज नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

समजा टँक ६० बाय ३० सेंटीमीटरचा आहे. क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर. रॅकवर सरासरी १२० हवेत. म्हणजे सेकंदाला साधारण २२ मायक्रोमोल फोटॉन रॅकपर्यंत पोचले पाहिजेत. लाईटमधून निघालेल्यांपैकी निम्मे बाहेर सांडतात किंवा पाण्याच्या पृष्ठभागावरून परततात असं धरू, म्हणजे लाईटने ४४ टाकायला हवेत. चांगली एलईडी १ वॅट विजेमागे सेकंदाला सुमारे २ मायक्रोमोल देते, सुमार दर्जाची १.३ च्या आसपास. उत्तर आलं २२ ते ३४ वॅट. म्हणजे खऱ्या ३० वॅटच्या आसपासची लाईट पुरेशी आहे. मी १६५ वाली टांगली होती.

दिवसभराचा हिशोबही महत्त्वाचा. १२० चा पीपीएफडी ९ तास दिला, तर दिवसाला ३.९ मोल फोटॉन होतात. याला डीएलआय म्हणतात, आणि पॉलीहाऊसवाल्यांना हा शब्द ओळखीचा असेल. मऊ कोरलसाठी ३ ते ५ च्या मध्ये राहिलात तर बरं. लाईट कमी पडतेय म्हणून तास १४ करणं हा उपाय नव्हे. त्याने काचेवर शेवाळं वाढतं आणि प्राण्यांना अंधाराची विश्रांती मिळत नाही. ८ ते १० तास ठेवा.

रंग कोणता?

पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं. स्वच्छ समुद्रात १० मीटर खाली गेलं की लाल जवळजवळ संपतो, निळा मात्र खोलवर जातो. विजयदुर्गपासून पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटरवर अँग्रिया बँक नावाचं बुडालेलं प्रवाळ पठार आहे. ते कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याचा सगळ्यात उथळ माथासुद्धा पाण्याखाली २० मीटर आहे, तरीही तिथे जिवंत प्रवाळ आहे, कारण त्याला लागणारा निळा प्रकाश तिथपर्यंत पोचतो. याउलट मालवणच्या किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ, त्यामुळे तिथली प्रवाळं फार खोल जाऊ शकत नाहीत.

झूझँथेलीमधली क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी-२ आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्यं मिळून साधारण ४२० ते ५०० नॅनोमीटरचा पट्टा जोरात पकडतात. म्हणून लाईटमध्ये ४५० च्या आसपासचा रॉयल ब्लू हा पाया हवा, जोडीला ४७० चा निळा आणि थोडा ४०० ते ४२० चा जांभळा. पांढरा चॅनल १० ते २० टक्के ठेवला की बघणाऱ्याला टँक नैसर्गिक दिसतो. पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळीच चिप, तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला. त्यामुळे पांढऱ्याने कोरल जगत नाही हा समज चुकीचा आहे. १०,००० केल्विनच्या साध्या पांढऱ्या लाईटखालीही झोआ वाढतात, फक्त चमकत नाहीत.

नर्सरीत मिळणारी गुलाबी-जांभळी ग्रो लाईट मात्र नको. तिच्यात ६६० चा लाल भरलेला असतो. त्याचा फायदा मुख्यतः काचेवरच्या आणि दगडावरच्या शेवाळाला होतो.

चमकण्याबद्दल सांगायचं तर, निळ्या लाईटखाली झोआ हिरवे-केशरी पेटल्यासारखे दिसतात, कारण त्यांच्यातली प्रथिनं निळा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगात परत टाकतात. जैवप्रयोगशाळांमध्ये आज सर्रास वापरलं जाणारं डीएसरेड हे लाल चमकणारं प्रथिन रशियन संशोधकांनी १९९९ मध्ये जाहीर केलं, ते डिस्कोसोमा या मशरूमच्याच कुळातून. गोष्ट भारी आहे, पण चमक म्हणजे तब्येत नव्हे. विक्रीचे फोटो बहुतेक वेळा फक्त निळ्या लाईटखाली काढलेले असतात. विकत घेण्याआधी पांढऱ्या लाईटखालचा फोटो मागा. फिकट पडलेला फ्रॅग तिथे लपत नाही.

एकच गोल लाईट की लांब बार?

शोच्या टँकमध्ये मधोमध झगझगीत आणि कडेला सावली असं चालतं, कारण तिथे प्राणी आपापल्या जागी मांडता येतात. फ्रॅग टँकमध्ये सगळे प्लग एकाच रॅकवर, एकाच उंचीवर असतात. तिथे प्रकाश सपाट पसरलेला हवा. म्हणून अरुंद लेन्सच्या गोल लाईटपेक्षा ९० ते १२० अंश पसरवणारा बार किंवा छोटं पॅनल घ्या. आधीच गोल लाईट असेल तर लेन्स काढून बघा, किंवा खाली दुधाळ ॲक्रिलिकचा तुकडा लावा. थोडा प्रकाश जाईल, पण मधला चटका कमी होईल.

उंची हा तुमच्या हातातला सगळ्यात स्वस्त रेग्युलेटर आहे. छोट्या गोल लाईटचं अंतर दुप्पट केलं तर पुस्तकी हिशोबाने प्रकाश चौथा भाग उरतो. प्रत्यक्षात लेन्समुळे आणि काचेच्या आतल्या परावर्तनामुळे इतका पडत नाही, पण बराच पडतो, आणि पसरतोही. मी बार पाण्यापासून २५ सेंटीमीटर वर टांगला आहे. त्याखाली गेलो तर खारं पाणी उडून लाईटवर पांढरे थर बसतात. दोरीने टांगा, म्हणजे वर-खाली करता येतो.

मोजायचं कशाने?

खरा क्वांटम मीटर हजारो रुपयांचा असतो. एका छोट्या टँकसाठी तो विकत घेणं मला पटत नाही. ओळखीत कुणाकडे असेल तर एक दिवस उसना आणा, रॅकवर नऊ ठिकाणी मोजा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. सेन्सर पाण्यात बुडाला की काही मीटर कमी आकडा दाखवतात, त्यासाठीचा गुणक माहितीपत्रकात असतो, तो लावायला विसरू नका.

मोबाईलमधला लक्स मीटर चालेल का? उन्हासाठी ५४ लक्स म्हणजे साधारण १ पीपीएफडी, हे रूपांतर चालतं. ४५० च्या निळ्या प्रकाशाला मात्र सुमारे ७ लक्सलाच १ पीपीएफडी होतो. म्हणजे मीटर ७०० लक्स दाखवत असेल, जे आपल्याला स्वयंपाकघरातल्या उजेडाएवढं वाटेल, तेव्हा खरा आकडा १०० असू शकतो. त्यातून फोनच्या सेन्सरचा निळ्यातला अचूकपणा बेभरवशाचा. त्यामुळे फोनचे आकडे खरे धरू नका.

मी एक जुगाड केला. एएस७३४१ नावाचा छोटा सेन्सर ४१५ पासून ६८० नॅनोमीटरपर्यंत आठ पट्ट्यांत प्रकाश वेगवेगळा मोजतो. तो ईएसपी३२ बोर्डला जोडला, पारदर्शक डबीत सील केला आणि रॅकवर सरकवत नेला. कॅलिब्रेशन नसल्याने खरा पीपीएफडी कळत नाही, पण कुठे जास्त आणि कुठे कमी याचा नकाशा मस्त मिळतो. माझ्या रॅकचा मधला भाग कडेपेक्षा अडीच पट तेजस्वी निघाला. मग मशरूम कोपऱ्यात आणि झोआ मधल्या वर्तुळाच्या बाहेर, अशी जागावाटणी केली. एवढा उद्योग करायचा नसेल, तर रॅकच्या जागी पांढरा कागद ठेवा, फोनचं एक्स्पोजर लॉक करा आणि फोटो काढा. चटक्याची जागा त्यातही दिसते.

हळू चढवा

नवीन लाईट असो की नवीन फ्रॅग, सुरुवात ४० ते ५० पीपीएफडीने करा. मीटर नसेल तर लाईट २५-३० टक्क्यांवर ठेवा. मग दर आठवड्याला थोडंथोडं वाढवत चार-पाच आठवड्यांत ठरलेल्या आकड्यावर या. शैवालाला आपली यंत्रणा जुळवून घ्यायला एवढा वेळ लागतोच. सावलीतली रोपं एकदम उन्हात लावली की करपतात, तोच प्रकार.

वाढवायचं की थांबायचं, हे प्राणीच सांगतो. कमी प्रकाशात झोआचे देठ लांब होतात, अंधारात उगवलेल्या मेथीसारखे, आणि रंग तपकिरी होतो, कारण तो आत जास्त शैवाल साठवतो. मशरूम ताटासारखं पसरतं. जास्त प्रकाशात उलटं होतं: झोआ आखूड होतात, अर्धवट मिटलेले राहतात, रंग फिकट पडतो आणि मशरूम आक्रसून कडा वर वळवतं. फिकटपणा दिसला की त्याच दिवशी निम्म्यावर आणा. कमी प्रकाशाची चूक महिनाभराने सुधारता येते, जास्तीची आठवड्यात जीव घेते.

बीडचा उन्हाळा, वीज आणि पाणी

परदेशी व्हिडिओत हा भाग सापडणार नाही. लाईटने घेतलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ३० वॅटची लाईट ९ तास चालली तर दिवसाला ०.२७ युनिट, १०० वॅटची असेल तर ०.९ युनिट. महिन्याला ८ विरुद्ध २७ युनिट. बिलातला फरक सोसण्यासारखा आहे, खरी अडचण उष्णतेची. बाहेर ४१ अंश असताना पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवायचं आहे.

इथे आपल्याला एक फायदा आहे, जो कोकणातल्या माणसाला नाही. आपली उन्हाळी हवा कोरडी असते. पृष्ठभागावर तिरपा छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी खोलीच्या तापमानापेक्षा काही अंश खाली उतरतं. दुपारभर खोली थंड ठेवणारा कूलर जोडीला लागतोच, पण महागडा चिलर टाळता येतो. १ लीटर पाणी उडालं की सुमारे ०.६८ युनिट उष्णता घेऊन जातं. लाईटची सगळी उष्णता पाण्यात उतरली असं धरलं, तर ३० वॅटसाठी रोज ०.४ लीटर आणि १०० वॅटसाठी १.३ लीटर पाणी फक्त लाईटपायी जास्तीचं उडेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते, पण दिशा तीच. माझ्या टँकमधून मे महिन्यात एकूण दीड-दोन लीटर रोज उडतं. ५० लीटरमधून २ लीटर गेले तर क्षारता ३५ वरून साडेछत्तीसजवळ जाते. म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, खाऱ्याची नाही. आणि आरओ १ लीटर देताना त्याहून जास्त पाणी फेकतो. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथे हे बोचतं. घरात यावरून मी बोलणी खाल्ली आहेत आणि ती योग्यच होती. आता फेकलेलं पाणी भांडी आणि फरशीला जातं, आणि लाईट गरजेपुरतीच आहे.

वीज गेली तर? लाईट पाच-सहा तास बंद राहिली तरी काही बिघडत नाही. समुद्रातही ढगाळ दिवस असतात. पाणी फिरवणारा पंप बंद पडला तर मात्र ऑक्सिजन संपतो. इन्व्हर्टरवर पंप टाका, लाईट टाकू नका.

वीज परत येते तेव्हाची गंमत वेगळी. माझ्या आधीच्या कंट्रोलरमध्ये घड्याळाची बॅटरी नव्हती. एकदा रात्री वीज गेली, परत आली, आणि त्याने वेळ दुपारचे बारा धरून रात्रभर पूर्ण लाईट लावली. सकाळी उठलो तर झोआ गप्प. तेव्हा घेताना विचारा: वीज गेल्यावर वेळ लक्षात राहते का? चालू होताना हळूहळू चढते की एकदम १०० टक्के? वायफायवर चालणारी असेल तर नेट नसताना वेळापत्रक चालतं का? दुकानदाराला माहीत नसेल तर घरी आणल्यावर प्लग काढून, दहा मिनिटांनी लावून बघा, परतीची मुदत संपायच्या आत.

ड्रायव्हरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. गावात शेतीपंप चालू असताना व्होल्टेज खाली येतं आणि रात्री भार उतरला की वर जातं, कधीकधी २४० च्या पुढेही. ड्रायव्हर वेगळा आणि बदलता येणारा असलेली लाईट घ्या, आणि मधे व्होल्टेज कट-ऑफवालं प्रोटेक्टर लावा. खारं पाणी आणि वीज शेजारी आहेत, त्यामुळे ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी हवाच, आणि घराचं अर्थिंग खरोखर चालू आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तिसऱ्या पिनला नुसतं भोक असतं, मागे वायर नसते. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल.

धूळ राहिलीच. मार्च ते जूनमध्ये लाईटच्या काचेवर इतकी धूळ आणि मीठ बसतं की प्रकाश नकळत कमी होतो. दर पंधरवड्याला ओल्या कापडाने पुसा. तीन महिने पुसली नसेल तर पुसल्यावर थोडे दिवस लाईट दहा टक्के उतरवून ठेवा, कारण प्राण्यांना मधल्या काळात मंद प्रकाशाची सवय झालेली असते.

कापणीच्या दिवशी

झोआ कापताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घाला. त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. दगड उकळत्या पाण्यात टाकून स्वच्छ करायचा प्रयत्न अजिबात करू नका, वाफेतून ते श्वासात जातं. लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

ताजा कापलेला फ्रॅग जखमी असतो. त्याला लगेच १२० पीपीएफडीखाली ठेवू नका. रॅकचा एक कोपरा जाळीच्या तुकड्याने झाकून तिथे ५०-६० चा मंद भाग करून घ्या. माझ्याकडे खिडकीच्या डासांच्या जाळीचे दोन थर आहेत. सात-आठ दिवसांनी एक थर काढायचा, आणखी आठवड्याने दुसरा. तोंडं उघडलेली दिसली की मग बाकीच्यांच्या रांगेत.